पथ्याचा रकाना

१

धाकट्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. या वेळी शिरलं होतं पाककृतींचं ॲप. तेही बाजारातलं नव्हे, घरचं. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं आणि घरातल्या माणसांपुरतं.

कारणही तसंच होतं. रोज संध्याकाळी घरात एकच रड, आज काय करायचं? स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या होत्या. दादाची पाळी असली की बटाटे. धाकट्याची असली की अंडी. वहिनीची असली की ती करेल ते, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. दादा-वहिनीची मुलगी चिऊ शाळेतून अर्धा डबा परत आणायची, आणि फ्रिजच्या तळाशी अर्धा कोबी काळा पडत राहायचा. शेवटी एका रविवारी सकाळी धाकटा सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी घेऊन बसला आणि आपली योजना सांगू लागला.

दादा म्हणाला की असली ॲपं फोनवर ढिगानं मिळतात, तीही फुकट, मग हा उपद्व्याप कशाला. धाकट्यानं नाक मुरडलं. तो एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा, फुकटच्या ॲपमधून माहिती कुठे कुठे जाते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपण काय खातो, काय टाकतो, कोणाला काय सोसत नाही, हे तिऱ्हाइताला कळायचं कारण काय? पॅसेजमधल्या कपाटात जुना कॉम्प्युटर ठेवायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक टॅब लावायचा, बस. फ्रिजमध्ये काय उरलंय ते टाकलं की काय करता येईल ते टॅब सांगेल. माणसं किती ते टाकलं की प्रमाण आपोआप बदलेल.

आश्चर्य म्हणजे वहिनीनं लगेच मान डोलावली. "घरचं घरात राहिलं पाहिजे," ती म्हणाली. कित्येक वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच.

मग धाकट्यानं पथ्याचा रकाना काढला. प्रत्येक माणसाच्या नावाखाली एक रकाना, आणि त्याला जो जिन्नस चालत नाही त्याच्यापुढे खूण. खूण लावली की तो जिन्नस असलेली पाककृती त्या माणसाला दिसणारच नाही. आणि एक नियम: खूण कोणीही लावावी, पण काढायची ती ज्यानं लावली त्यानंच.

"हे कशाला?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे एकाचं पथ्य दुसऱ्यानं नखरे म्हणून पुसून टाकायला नको."

वहिनी उठली आणि कप गोळा करून सिंककडे गेली. दादा टेबलावरचा एक डाग नखानं खरवडत बसला. धाकट्याला मनातून बरं वाटलं. बाण नेमका लागला होता. तो किती खोल गेला होता, ते मात्र त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

२

तो बाण आत्याचा होता.

आत्या म्हणजे या दोघा भावांच्या वडिलांची बहीण. आईवडील एका अपघातात गेले तेव्हा धाकट्याचे दुधाचे दात पडत होते. आत्यानं आपलं बिऱ्हाड मोडलं, इथे आली, आणि या दोघांना वाढवण्यात तिचं लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते तिलाही कळलं नाही. गणवेशांच्या कारखान्यात ती कापड बेतायची. दिवसभर उभी राहून घरी आली की आधी यांच्या पोटाचं बघायची, मग स्वतःचं.

तिला अक्रोड चालत नसे. लहानपणी एकदा केकच्या तुकड्यातून पोटात गेला आणि गळा आतून बंद होत गेला, जेमतेम वाचली. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट हुंगूनच तोंडात घालायची. पातेल्यावर वाकायची आणि नाकानं दोनदा आखूड श्वास ओढायची. सूं, सूं. तिचं स्वतःचं एक छोटं पातेलंही होतं, त्यात ती आपलं वेगळं शिजवायची. भावांना याची इतकी सवय झाली होती की तो आवाज आला म्हणजे जेवण तयार आहे एवढंच त्यांना कळायचं.

वहिनी लग्न होऊन आली आणि तिला हे सुरुवातीपासून खुपलं. आपण घाम गाळून करायचं आणि हिनं चार पाहुण्यांसमोर ताट नाकाशी न्यायचं? तिच्या माहेरचे जेवायला आले होते तेव्हाही आत्यानं तेच केलं. वहिनीची आई हसली आणि म्हणाली, "अगं, तू विष घालतेस की काय?" सगळे हसले. वहिनी हसली नाही. त्यानंतर त्या घरात नखरे हा शब्द रोज ऐकू यायला लागला.

आत्या गेली तेव्हा धाकटा परगावी होता, कंपनीच्या कामाला. दादाचा फोन आला. जेवता जेवता हृदय बंद पडलं, म्हणाला. धाकटा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्याची खोली झाडून पुसून चिऊच्या अभ्यासाला दिली होती, आणि ते छोटं पातेलं भंगारात गेलं होतं. एवढी घाई कसली, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण दादाचा चेहरा बघून तो मूग गिळून बसला. माणूस दुःखात चुकीचं काहीतरी करतोच, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली.

३

ॲप उभं राहिलं. कपाटातल्या कॉम्प्युटरची घरघर पॅसेजमध्ये ऐकू यायची, कपाटाचं दार हाताला कोमट लागायचं. घरच्या फोटोंसाठी प्रत्येकाचं खातं आधीच बनवलेलं होतं, तीच नावं धाकट्यानं इथे घेतली. त्यात आत्याचंही होतं. ते पुसायला त्याचा हात कधी धजावला नव्हता, आताही धजावला नाही. तिचा रकाना त्यानं फक्त पडद्यावरून लपवला.

वहिनीनं, खरं सांगायचं तर, मनापासून साथ दिली. ओट्याशी उभी राहून ती सांगायची आणि चिऊ टॅबवर लिहून घ्यायची. लसणाचं सूप, मटाराचा भात, भाजलेले मासे, चिऊच्या आवडीचे भरलेले बटाटे. तिचं सगळं स्वयंपाकाचं ज्ञान त्या भिंतीत जाऊन बसलं. स्वयंपाकघरातून मायलेकींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि धाकट्याला वाटायचं, चला, आपल्या हातून या घरात काहीतरी बरं झालं.

एका सकाळी चहा करताना त्याचं लक्ष गेलं. वहिनीच्या रकान्यात एक खूण होती, अक्रोडापुढे.

त्यानं वहिनीला विचारलं. ती वैतागली. अक्रोड तर ती लहानपणापासून खात आली होती. "तुमचंच यंत्र, भाऊजी. तुम्हीच बघा." मग डब्यातला अक्रोडाचा केक काढून तिनं त्याच्यासमोर, जरा ठसक्यातच, मोठा घास घेतला.

दुपारी तिच्या ऑफिसातून दादाला फोन आला. वहिनीचे ओठ सुजले होते, गळा आवळून आला होता. इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं मोठेपणी अचानक सुरू होऊ शकतं, घाबरण्यासारखं नाही, अक्रोड सोडा.

घाबरण्यासारखं नव्हतंच. योगायोग. धाकट्यानं स्वतःला बजावलं आणि खूण कोणी लावली ते पाहायला टॅब हातात घेतला. खुणेवर बोट दाबून धरलं की लावणाऱ्याचं नाव यायचं, ती सोय त्यानंच केली होती.

नाव आलं: आत्या.

४

आता धाकटा काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. यंत्र चुकतं म्हणजे माणूस चुकतो, हे त्याचं रोजचं काम होतं. पहिला संशय चिऊवर. पोरीनं खेळता खेळता आत्याच्या नावानं खातं उघडलं असेल. त्यानं तिला गोडीगुलाबीनं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. आत्याआजीचं नाव टॅबवर दिसतच नाही, तर उघडणार कसं, असं तिनंच उलट विचारलं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यानं आत्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला, कोणाला सुचणार नाही असा.

पुढची खूण दुधापुढे आली. वहिनीनं सकाळचा चहा घेतला आणि ती बेसिनकडे धावली. त्यानंतर मासे, त्यानंतर मटार. प्रत्येक वेळी तोच क्रम: आधी खूण, मग तिचा गळा. आणि खुणेवर बोट ठेवलं की तेच नाव.

धाकट्यानं खातंच पुसून टाकलं. खुणा गेल्या नाहीत, फक्त लावणाऱ्याच्या नावाची जागा कोरी झाली. त्या संध्याकाळी गव्हापुढे नवी खूण आली. तिच्याखालीही कोरंच.

आणि आवाज. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा धाकटा पॅसेजमध्ये कपाट उघडून उभा होता. वहिनीनं शेगडीवर सूप ठेवलं होतं आणि ती बाल्कनीत कपडे काढायला गेली होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. सूं, सूं. आखूड, दोनदा. मग झाकण ठेवल्याचा आवाज.

तो आत गेला. पातेल्यावर झाकण होतं. वहिनीनं ते आधीच ठेवलं असेल. पंख्याचा आवाज असेल, शेगडीचा असेल, शेजारच्या घरातल्या कोणाला सर्दी झाली असेल. एवढी सगळी कारणं त्याला एका दमात सुचली, आणि त्यातल्या एकावरही त्याचा विश्वास बसला नाही.

५

त्यानं कॉम्प्युटरच बंद केला. वायर काढली, टॅब भिंतीवरून उतरवून टेबलाच्या खणात टाकला. आता बघू.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीनं उकडलेलं अंडं खाल्लं आणि खुर्चीतून खाली आली. दवाखान्यातून परतल्यावर धाकट्यानं वायर पुन्हा लावली. अंड्यापुढे खूण होती. कॉम्प्युटर बंद होता त्या वेळची.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त ठीक, घसा ठीक, पोट ठीक. शेवटी त्यांनी दादाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की कधीकधी हे मनातून येतं, कसला ताण आहे का घरात? दादा घरी आला, हातपाय धुतले आणि टेबलाशी बसून बायकोला म्हणाला, "पुरे झाले आता तुझे नखरे."

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की धाकट्यालाही नजर वळवावी लागली.

त्यानंतर तिनं स्वतःसाठी एक छोटं पातेलं आणलं. त्यात ती फक्त तांदूळ शिजवायची, पाणी आणि मीठ घालून. शिजलेल्या भातावर वाकायची आणि हुंगायची. आधी चोरून, मग सगळ्यांसमोर. एकदा चिऊची मैत्रीण घरी आली होती, तिला ते पाहून हसू फुटलं. चिऊचा चेहरा लाल झाला. वहिनी ताट घेऊन आत गेली आणि दार लोटून जेवली.

आणि धाकट्याला काय वाटत होतं? सांगायलाच हवं. त्याला बरं वाटत होतं. वरवर तो धावपळ करत होता, गोळ्या आणत होता, दादाला समजावत होता. पण वहिनीचे गाल आत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तसतसं त्याच्या आत काहीतरी पोटभर जेवल्यासारखं सुस्तावून बसत होतं. नखरे म्हणत होतीस ना आत्याला, घे. आपल्याला हे असं वाटतं याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की पुन्हा तेच वाटायचं.

त्या आठवड्यात तांदळापुढे खूण आली.

६

ती दुपार होती. दादा कामावर, चिऊ शाळेत. वहिनीनं सुट्टी घेतली होती, कारण तिला जिना उतरवत नव्हता. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. शेगडीवर पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं, ते गार करून ती पीत असे. आता तेवढंच राहिलं होतं.

धाकटा टॅब घेऊन टेबलाशी बसला होता. आपण आत्याचं खातं पुन्हा बनवू शकतो का, तिच्या नावानं आत शिरून खुणा काढू शकतो का, हे तो करून बघत होता. जमत नव्हतं. नियम त्याचाच होता आणि नियम चोख होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "त्या काढणार नाहीत ना?"

त्या म्हणजे कोण हे त्यानं विचारलं नाही. नाव कोणाचं येत होतं हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

"मी आवाज ऐकते रोज," ती म्हणाली. "माझ्या ताटाशी येऊन हुंगतात. पहिल्यांदा वाटलं, मन खातंय मला." तिला बोलायलाही दम लागत होता. "तुम्हाला माहीत नाही. ह्यांना माहीत आहे. मी त्याच रात्री ह्यांना सांगितलं होतं."

मग तिनं सांगितलं. ती धाकट्याशी बोलत नव्हतीच, ती शेगडीकडे बघून बोलत होती.

आत्याला अक्रोडाचं काही होत नाही, हे सगळं ढोंग आहे, आपला अपमान करायला चाललेलं आहे, याची तिला खात्री होती. ते एकदा उघडं पाडायचं होतं. पण हुंगल्यावर आत्याला कळलं असतं. म्हणून ती थांबली. एकदा आत्याला जोराची सर्दी झाली, नाक चोंदलं, वास कशाचा म्हणून येईना. वहिनीनं अक्रोड बारीक कुटला आणि आत्याच्या पातेल्यातल्या सुपात ढवळला.

"चिमूटभर नाही, मूठभर. म्हटलं, चांगलं खाऊ दे, आणि मग सगळ्यांसमोर सांगते की काय खाल्लंत. त्यांनी गळ्याला हात लावला. मी म्हटलं, झालं का सुरू. डॉक्टरला बोलवा म्हणाल्या, तर मी ह्यांना हात धरून खाली बसवलं. जरा वेळ बघू या म्हटलं. किती वेळ नाटक करतात ते बघायचं होतं मला."

धाकट्याच्या कानात कपाटातली ती घरघर येऊन बसली. बाकी काही ऐकू येईना.

वहिनी स्टुलावरून उतरली. उभं राहता येईना, तशी ओट्याला धरून गुडघ्यांवर बसली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी मारलं तुम्हाला. चुकून नाही. चुकलं म्हणायची माझी लायकी नाही, पण चुकलं. पोरीसाठी सोडा मला."

पातेल्यावरची वाफ सरळ वर जात होती. ती एकाएकी बाजूला वळली, खाली ओढल्यासारखी, एकदा आणि लगेच दुसऱ्यांदा. सूं, सूं. मग ती पुन्हा सरळ झाली. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. मघाशीच विझलेल्या टॅबच्या काळ्या काचेत धाकट्याला पातेल्यावर वाकलेल्या एका डोक्याची मागची बाजू दिसली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यानं मान वर केली तोवर तिथे कोणी नव्हतं.

टॅब आपोआप उजळला. वहिनीच्या रकान्यातली तांदळापुढची खूण गेली. अंड्यापुढची गेली. गहू, मटार, मासे, दूध, एकेक करून सगळ्या. अक्रोडापुढची सर्वांत शेवटी.

७

वहिनीनं डब्यातून पावाचा तुकडा घेतला. हुंगला नाही. तोंडात घातला, चावला, गिळला. गळ्यावर हात ठेवून ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. तिनं दुसरा तुकडा तोडला आणि ती खाता खाता रडू लागली, तोंडात पाव तसाच ठेवून.

आत्यानं सोडलं होतं. अशीच होती ती. लहानपणी या दोघा भावांनी तिची कात्री हरवली, तिचा पगार कापला गेला, तेव्हाही संध्याकाळपर्यंत सगळं विसरून गरम जेवायला वाढलं होतं तिनं.

धाकट्याला मात्र ते जमेना. सर्दी होण्याची वाट बघितली हिनं. हात धरून खाली बसवलं. आत्या गळा धरून बसली आणि ही घड्याळाकडे बघत राहिली. आणि एक पाव खाऊन ही मोकळी? एक वाक्य बोलून? उद्या ही ऑफिसला जाईल, गाल भरतील, पाहुण्यांसमोर हसेल, आणि आत्या मात्र हृदय बंद पडून गेलेलीच राहील, कारण घरचं घरात राहिलं पाहिजे. त्याच्या छातीत असा जाळ उठला की टॅब धरलेली बोटं पांढरी पडली.

त्यानं खाली पाहिलं. रकाना रिकामा नव्हता. एक खूण होती.

जिन्नसांच्या यादीत पाणी होतं, सुपांना लागतं म्हणून. खूण पाण्यापुढे होती. त्यानं तिच्यावर बोट दाबून धरलं.

नाव आलं: धाकटा.

आपण लावली? त्याला आठवेना. बोट लागलं असेल. लागलं नसेलही. पण ती काढायची की नाही हा प्रश्न नवा नव्हता आणि अवघडही नव्हता. या एका खुणेला नियमाची आडकाठी नव्हती. एकदा दाबायचं, बस.

वहिनीला पावाचा ठसका लागला, साधाच, कोरडा पाव खाल्ल्यावर लागतो तसा. ती सिंकशी गेली. तिनं पेला विसळला, नळ सोडला. पेला भरत होता. तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि त्या पाठीवर ब्लाउज ढगळ लोंबत होता. धाकट्याला भरपूर वेळ होता. वहिनी, थांब, एवढं म्हणायलाही वेळ होता.

त्यानं टॅबच्या कडेचं बटण दाबून पडदा विझवला.

ती वळली, त्याच्याकडे बघून रडक्या डोळ्यांनीच हसली, आणि पेला तोंडाला लावला. मग तिचं हसणं थांबलं. तिनं पेला खाली ठेवला, नीट, न सांडता. तिचा हात गळ्याकडे गेला. ती धाकट्याकडे बघत होती. त्याचा हात टॅबवर आहे हे तिनं पाहिलं, आणि तो खुर्चीतून उठत नाही हेही पाहिलं. कळायला तिला वेळ लागला नाही. हे सगळं एकदा तिनं दुसऱ्या बाजूनं केलेलं होतं.

८

हृदय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतकी अशक्त झाली होती, हृदयानं दगा दिला. दादानं मान डोलावली. त्यानं धाकट्याला काही विचारलं नाही. त्या दुपारी तू घरात होतास ना, एवढंसुद्धा नाही. विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

घरात तीन माणसं उरली. टॅब काढून टाकायचा असं धाकट्यानं अनेकदा ठरवलं, पण चिऊ हात लावू देईना. त्यात आईची सगळी पदार्थांची माहिती होती, आईनं सांगितलेली आणि तिनं स्वतः लिहून घेतलेली. ती आता त्यात बघून स्वयंपाक करायला शिकत होती. वहिनीचं खातं पुसू का, असं त्यानं एकदाच विचारलं. पोरीनं असा आकांत मांडला की त्यानं कानाला खडा लावला.

एका रविवारी दुपारी चिऊनं भरलेले बटाटे केले. एकटीनं, पहिल्यांदाच. थोडे करपले होते, पण दादानं चाखून बघितले, आणि किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा जरा सैल झाला. अगदी तिच्या हातची चव, म्हणाला. चिऊनं काकाच्या ताटात सर्वांत मोठा वाढला आणि तो खाईपर्यंत ती समोर उभी राहिली. धाकट्यानं मोठा घास घेतला.

चिऊ भिंतीवरच्या टॅबकडे वळली, पुढच्या रविवारचं काहीतरी बघायला.

"काका," ती म्हणाली, "तुला बटाटा चालत नाही?"

धाकट्यानं चावणं थांबवलं.

"तुझ्या नावाखाली खूण आलीय." तिनं खुणेवर बोट दाबून धरलं, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईनं लावलीय."

दादानं मान वर केली. टॅबकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. कदाचित त्या दुपारपासूनच कळलं होतं.

यातून बाहेर कसं पडायचं हे धाकट्याला ठाऊक होतं. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढंच करायचं होतं, घास थुंकायचा आणि बोलायचं. इथे, आत्ता, या पोरीसमोर. तुझ्या आईला मी वाचवू शकत होतो, वाचवलं नाही. एवढं एक वाक्य. चिऊ हातातला चमचा घट्ट धरून त्याच्याकडे बघत होती. तिच्या गालाला पीठ लागलं होतं.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला, आणि त्यानं घास गिळला.